रेल्वेची ओळ

दुबईतल्या करामा भागातल्या दवाखान्यात साधना नंबराची वाट पाहत होती. शेजारी दोन मराठी गवंडी उद्याच्या भाषणाचा कागद धरून हुज्जत घालत होते.

“भिकाजीदादा, निरोपसमारंभ इंग्रज साहेबाचा आहे. ‘तुमच्या राज्यानं आम्हाला रेल्वे दिली’, एवढं म्हण की!”

“नीलेश, आपल्या कॅम्पला बस आहे ना?”

“आहे की, नवीकोरी!”

“शुक्रवारी सुट्टीला बाजारात नेते?”

“कशी नेईल? ती साइटवर न्यायला आहे.”

“तशीच त्यांची रेल्वे. माल बंदरात न्यायला.”

“पण बसतोस ना तिच्यात?”

“हक्कानं बसतो. माझ्या खापरपणज्यानं घाटातला बोगदा फोडलाय. आभार नाही मानणार.”

“वरचे सगळे गोरेच आहेत, हबीबी. तुझा व्हिसा रिन्यू व्हायचाय.”

“होईल नाहीतर नाही. या साहेबावर राग नाही माझा. जूनच्या उन्हात सावल्यासुद्धा पायाखाली लपल्या होत्या, तेव्हा वरच्यांशी भांडून त्यानं काम थांबवलं. ते त्याचं स्वतःचं देणं. ते मी उद्या मोठ्यानं सांगीन.”

“आणि रेल्वे?”

“खलास.” भिकाजी साधनाकडे वळला. “ताई, पेन असेल का? एक ओळ खोडायचीय.”

साधनानं पेन दिलं आणि कागदाखाली धरायला आपली फाईलही पुढे केली.