एका खुर्चीचे स्पीकर

स्पीकरच्या दुकानात बाकावर मी माझ्या नंबराची वाट बघत होतो. शेजारी एक नवरा-बायको बसले होते.

“दोन्ही ऐकलेस ना? आता तूच सांग. दाराएवढे ते इलेक्ट्रोस्टॅटिक पडद्यांचे स्पीकर घ्यायचे, की कर्णेवाले?”

“कर्ण्यांचं काय असतं?”

“कर्णा म्हणजे आपली आत्या गं! जरा तोंड उघडलं की सगळ्या घराला ऐकू जातं. अगदी स्वयंपाकघरातसुद्धा.”

“म्हणजे तुम्ही तिथेच येऊन उभे राहणार. कांदा किती बारीक चिरायचा ते सांगायला. रिटायर झाल्यापासून तेच चाललंय.”

“मदत करतो गं!”

“बरं, आणि पडद्यांचं?”

“आवाज काय नितळ! गाणारीचा श्वाससुद्धा ऐकू येतो. पण नखरे फार. बरोबर मधोमध एकच खुर्ची ठेवायची. मान जरा कलली की मजा गेली.”

“आणि उठलं तर?”

“मग संपलंच! खरा शौकीन तीन-तीन तास जागचा हलत नाही.”

“पडदेच घ्या.”

“अगं, पण तू कुठे बसशील?”

“माझं काय घेऊन बसलात? हौस तुमची. मी करीन कसंतरी.”

तेवढ्यात दुकानदार आला.

“काय ठरलं, काका?”

“पडदे! हिनेच हट्ट धरला हो. फार विचार करते माझा.”

“आणि दादा,” बायको म्हणाली, “खुर्ची पण मिळेल का तुमच्याकडे? चांगली खोल बघा. एकदा बसलं की उठायला जड जाईल अशी.”