अपूर्वा जनरल स्टोअर्सचा नवा बोर्ड

…आणि वर आम्हालाच विचारतात, कसं दिसतंय? आता काय सांगायचं माणसाने? दिसतं छान, नाही कोण म्हणतं? मुलुंडचा हा आमचा जुना बाजार, इमारती शंभरीला टेकलेल्या, वर कौलं, लाकडी गॅलऱ्या, नक्षीचे कठडे, आणि त्या कठड्यांवर आम्ही बाजारवाल्यांनी इतकी वर्षं काय काय ठोकून ठेवलं होतं ते तुम्ही बघायला हवं होतं. दाताच्या डॉक्टरांचा दात होता, माणसाएवढा, संध्याकाळ झाली की लुकलुकायचा, लहान पोरं आईच्या पदरात तोंड लपवायची. फरसाणवाल्याने तर एकावर एक तीन बोर्ड लावलेले, खालचा आजोबांचा, मधला वडिलांचा, वरचा त्याचा, कारण आधीचा उतरवायचा म्हणजे वडिलांचा अपमान! आणि पुढे शेडी. पत्र्याच्या, निळ्या ताडपत्रीच्या, एका ठिकाणी तर लग्नाच्या मांडवाचं उरलेलं झालरीचं कापड. शेजारच्याची शेड तीन फूट तर माझी साडेतीन, असं करत करत दोन्ही बाजूच्या शेडी मधोमध एकमेकींना भेटायच्याच बाकी होत्या.

तर बाजाराच्या संघटनेने ठरवलं, पाहणी करायची. प्रत्येक बोर्ड, प्रत्येक शेड, आणि सगळा बाजार पूर्वीसारखा देखणा, एकसारखा करायचा. आणि आल्या स्वरदा मॅडम. आर्किटेक्ट. गोड मुलगी हो, खोटं कशाला बोलू, सुती साडी, पायात कोल्हापुरी, हातात ते लाल ठिपका पाडणारं मोजायचं यंत्र. प्रत्येक दुकानापुढे उभी राहायची, मान वाकडी करायची आणि इतक्या हळू आवाजात म्हणायची, "काका, ही शेड चार फूट बाहेर आलीये." त्यावर आमचे चंदूभाऊ म्हणाले, "मॅडम, ऊन पण चार फूटच आत येतं." ती हसली. हसली आणि पुढच्या आठवड्यात शेड कापून गेली.

हे चंदूभाऊ म्हणजे चंद्रप्रकाश, मूळचे कणकवलीकडचे, वडील गिरणीत होते. अपूर्वा जनरल स्टोअर्सवाले. मुलगी झाली त्याच वर्षी दुकान टाकलं, म्हणून दुकानाला तिचं नाव. आमच्याकडे असंच असतं ना, पोर आधी की दुकान आधी, नाव एकच. आणि बाजाराची एक रीत तुम्हाला सांगते, इथे माणसाला त्याच्या नावाने कोणी हाक मारत नाही, बोर्डाच्या नावाने मारतात. त्यामुळे हा सहा फुटी मिशाळ माणूस, याला सगळा बाजार म्हणायचा अपूर्वा. "ए अपूर्वा, सुट्टे आहेत का?" "अपूर्वाशेठ, साबणाच्या दोन पेट्या उतरवू?" आणि हा आपला, "हां, उतरव."

पोरगी मोठी झाली, शिकली, नोकरीला लागली आणि तिने रजिस्टर लग्न केलं. मुलगा मानखुर्दचा. मुलगा वाईट नव्हता, शेवंतीवहिनींनी, म्हणजे तिच्या आईने, नंतर फोटो बघून मनातल्या मनात पासही केला. पण झालं काय, पोरगी घरी सांगायला घाबरली, आज सांगू उद्या सांगू करत राहिली, आणि चंदूभाऊंना ते कळलं गल्ल्यावर. साबुदाणा घ्यायला आलेली एक बाई म्हणाली, अभिनंदन हो, पेढे कुठेत? तिथे सहा गिऱ्हाइकं उभी होती, सहाही जणांना माहीत होतं. चंदूभाऊंनी साबुदाणा बांधून दिला, सुट्टे दिले, शटर ओढलं. घरी आले आणि वहिनींना म्हणाले, हे नाव या घरात पुन्हा नको.

झालं! आता तुम्ही सांगा, ज्याच्या दुकानाचं नाव अपूर्वा, ज्याला दिवसभर सगळे अपूर्वा म्हणतात, त्याने हे नाव कसं टाळावं? पण टाळलं. पाच-सहा वर्षं टाळलं. कोणी विचारलं कुठलं दुकान, तर म्हणायचे, "ते काय, पिवळ्या बोर्डाचं." हाका मात्र सगळ्या ऐकायचे. अपूर्वा म्हटलं की ओ द्यायचे. रोज सकाळी ओल्या फडक्याने तो बोर्ड पुसायचे, पत्र्याचा, पिवळ्यावर लाल अक्षरं, कोपऱ्यात पेंटरने काढलेली गोबऱ्या गालांची बाहुली. पुसायचे ते तोंड रस्त्याकडे करून. हात अक्षरांवर आणि नजर रिक्षांवर. वहिनी वर घराच्या गॅलरीतून बघायच्या. पोरीशी त्या चोरून फोनवर बोलायच्या, तेवढाच आधार.

आणि अशा घरात आला नितेश. नवे बोर्ड बनवणारा. सगळे बोर्ड एकाच मापाचे, चॉकलेटी पाटी, त्यावर सायीच्या रंगाची अक्षरं, दिसतं छान, नाही कोण म्हणतं? पण नितेश आधी एका ठिकाणी पोळलेला, जुनं नाव बघून बोर्ड केला तर मालक म्हणाला मला नवीन हवं होतं. म्हणून त्याने नियमच केला, मालकाने तोंडाने सांगायचं. "काका, नाव तेच ठेवायचं का बदलायचं?"

चंदूभाऊंनी तांदळाच्या पोत्याकडे बघितलं. मग म्हणाले, "हिला विचार."

वहिनी डबा घेऊन खाली आल्या होत्या. तोंडाशी आलं होतं हो, तेच ठेव, एवढंच तर म्हणायचं! पण त्यांना वाटलं, मी म्हटलं तर ते माझं होईल. एवढी वर्षं गेली, एकदा यांच्या तोंडून येऊ दे. म्हणून म्हणाल्या, "दुकान त्यांचं आहे, त्यांना विचार."

"माका काय विचारतंस, घरातला सगळा ती बघता," चंदूभाऊ मालवणीवर आले. मालवणीवर आले की समजायचं, आत काहीतरी ढवळलंय. त्यांचं म्हणणं काय, तर नाव नको म्हणून मीच सांगून बसलोय, आता मी कसं मागे घेऊ, हिने घेतलं तर मी कुठे नाही म्हणतोय? हे त्यांनी नंतर सांगितलं. नंतर सांगून काय उपयोग?

नितेश दुसऱ्या दिवशी आला, परत तेच. तिसऱ्या दिवशी तो वैतागला. "निदान जनरल स्टोअर्स तरी आहे ना?"

"हो," दोघं एकदम म्हणाले. सगळ्या संसारात पहिल्यांदा एकदम.

आणि तेवढंच लागलं. जनरल स्टोअर्स. नाव नाही म्हणून जागा उरली, आणि जागा उरली म्हणून नितेशने अक्षरं मोठी केली, इस्टेशनवरून वाचता येतील एवढी. जुने बोर्ड सगळ्यांचे एका टेम्पोत घातले आणि भंगारात गेले, बाहुलीसकट. टेम्पो वळेपर्यंत वहिनी ओट्यावर उभ्या होत्या, चंदूभाऊ आत डाळ मोजत होते, गिऱ्हाईक नसताना.

आता बाजाराची गंमत सांगते. सगळं एकसारखं झाल्यावर पहिले पंधरा दिवस कोणाला काही सापडेना. एक आजी ब्लाऊज सैल करून घ्यायला गेल्या त्या दाताच्या डॉक्टरांकडे, नंबर लावून बसल्या, आत गेल्यावर डॉक्टर म्हणाले आ करा, तेव्हा कळलं. स्वरदा मॅडम पाहुण्यांना घेऊन यायच्या आणि चंदूभाऊंच्या दुकानापुढे हमखास थांबायच्या, किती सुटसुटीत बोर्ड बघा म्हणून. फोटो काढला, संघटनेच्या पुस्तिकेवर छापला. सुटसुटीत! त्या सुटसुटीत बोर्डाखाली एक माणूस बसलाय ज्याला आता बाजारात कोणी हाक मारत नाही, हे कोणाच्या लक्षात येतंय? मारणार काय? ए जनरल? लोक आपले "ओ काका" म्हणायला लागले. चंदूभाऊ मान वर करायचे, मग परत खाली घालायचे.

आणि एका रविवारी पोरीचा फोन आला. वहिनींनी नेहमीसारखा गॅलरीत जाऊन घेतला. ती रडत नव्हती, तेच वाईट. म्हणाली, "आई, काल आले होते मी."

कुठे? तर समोरच्या मेडिकलपाशी. ती यायची म्हणे, अधूनमधून, शनिवारची, ऑफिस सुटल्यावर वाट वाकडी करून. समोर उभी राहायची, बोर्ड वाचायची आणि मानखुर्दला परत जायची. इतकी वर्षं! वहिनींनाही हे माहीत नव्हतं. दार उघडं आहे का बघायला माणूस कडी वाजवतो, ही पोर बोर्ड बघायची.

वहिनी घाईघाईने सांगायला लागल्या, अगं, त्यांनी नाही काढलं, नितेश विचारत होता, ते म्हणाले हिला विचार, मी म्हटलं त्यांना विचार, कोणीच नको म्हणालं नाही गं.

पोरीने तिला पुरतं बोलू दिलं. मग म्हणाली, "कोणीच हो पण नाही म्हणालं ना, आई."

त्यानंतर ती फोन उचलत नाही. वाजतो, वाजतो, बंद होतो.

त्या रविवारी वहिनी फोन ठेवून तशाच खाली उतरल्या. भरल्या दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, नाव घेऊन सगळं सांगितलं. अपूर्वा येत होती, अपूर्वा तिथे उभी राहायची, अपूर्वाने वाचलं. चंदूभाऊंनी ऐकून घेतलं. एवढंच विचारलं, "खंय उभी ऱ्हवायची?" वहिनींनी बोट दाखवलं. ते बघत बसले. शेड कापलेली, ऊन सरळ डोळ्यांत, तरी बघत बसले.

दुसऱ्या दिवशी स्वच्छ शर्ट घालून स्वरदा मॅडमकडे गेले. मॅडम म्हणाल्या, काका, काय नाव घालायचं होतं? आणि चंदूभाऊ म्हणाले, "अपूर्वा." वहिनी सोबत होत्या, त्या सांगतात, असं म्हणाले जसं बारशाला कानात सांगतात.

आता मॅडमला काय कळणार त्या एका शब्दाला किती वर्षं लागली? पण कळलं असावं, कारण तिचेही डोळे भरले. चांगली मुलगी आहे म्हटलं ना. पण तिचा इलाज नाही. बोर्डावर बोटभर जागा नाही, पाटीचं माप ठरलेलं, मंजुरी झालेली, आणि आज यांना बदलू दिला तर उद्या डॉक्टर दात परत मागतील. पुढच्या पाहणीत बघू म्हणाली. कधी? पुढच्या दिवाळीनंतर.

बाहेर आल्यावर वहिनी म्हणाल्या, अहो, बोर्ड राहू दे, आपणच जाऊ ना तिच्याकडे, तासाभराचा रस्ता आहे. तर नाही! म्हणाले, जाऊन काय सांगू? ज्या बोर्डावरून पोरीला घालवली त्या बोर्डाखाली तिला कुठल्या तोंडाने बोलावू? आधी नाव लागू दे. आता या माणसाला काय म्हणायचं? आधी रागाने अडला होता, आता मायेने अडलाय. वहिनी एकट्या जाऊन आल्या दोनदा, पोरीने चहा दिला, जेवू घातलं, आणि दुकानाचा विषय निघाला की उठून आत गेली.

मग चंदूभाऊंनी काय धरलंय, ऐका. गिऱ्हाईक आलं, अर्धा किलो रवा घेतला, की पुडी हातात देताना सांगतात, "अपूर्वा जनरल स्टोअर्स. लक्षात ठेवा हां, अपूर्वा." तीस वर्षं येणाऱ्या माणसाला सांगतात. काडेपेटी घेतली तरी सांगतात. मेडिकलमध्ये आलेल्याला हात करून इकडे बोलावतात, काही नको असलं तरी, आणि सांगतात. लोक आधी हसायचे, मग कंटाळले, आता काही जण पलीकडून जातात. बाकी बाजार दिसतो छान, नाही कोण म्हणतं?

अख्ख्या मुलुंडला पाठ झालंय हो तिचं नाव. मानखुर्दपर्यंत आवाज जात नाही, एवढंच.