चूक सापडली तर कळवा

...नाही, पण फुकट म्हटल्यावर माणसं अशी मागे का सरकतात, ते मला सांगा! मी काय उरलेलं औषध वाटतोय? पुस्तक आहे! संभाव्यतेचं, कॉलेजच्या पोरांसाठी, तीन वर्षं घासून लिहिलेलं. नेटवर ठेवलंय. उघडा, वाचा, उतरवून घ्या, फुकट आहे हो!

तुम्हाला सांगतो, प्रकाशक मिळत नव्हता असं नाही. मिळाला होता. चांगला गुबगुबीत! म्हणाला, "सर, पुस्तक झकास आहे. फक्त उत्तरं वेगळ्या पुस्तकात घालू. तेही विकत." म्हटलं, आणि चूक राहिली तर? "राहू दे की! दुसऱ्या आवृत्तीला काहीतरी नवीन नको?" आता मी तिकडे परदेशात शिकत होतो ना, तेव्हा लायब्ररीत या विषयाची एकच प्रत होती, आणि तिच्यातलं नेमकं उत्तरांचं पान कुणीतरी फाडून नेलं होतं. अख्खं वर्ष मी त्या फाटक्या कडेकडे बघत काढलंय! तेव्हाच ठरवलं, आपण लिहू ते सगळ्यांचं. उत्तरांसकट!

आईला फोन केला. "पुस्तक झालं म्हणतोस, मग हातात कधी देणार?" अगं, ते हातात नसतं. "मग मावशीला काय दाखवू? मोबाइल? तिला वाटेल विजेचं बिल आलंय!"

बरं, प्रत्येक प्रकरणाखाली मी एक ओळ टाकली: चूक सापडली तर कळवा. आणि खोलीत येऊन बसलो. वाट बघत. एक टेबल, एक खुर्ची, आणि पाहुण्यांसाठी दुसरी खुर्ची... तिच्यावर कपडे असतात. हजारोंनी पुस्तक उतरवून घेतलं म्हणे. एकाचीही मेल नाही! अहो, शिवी तरी द्या! फुकट आहे हो!

आणि मग आली. "सर, प्रकरण चार. पिशवीत चेंडू पाच आहेत. तुम्ही सहावा काढलात." खाली सही: एक वाचक. मी खुर्चीवरून उठलो, खिडकीपाशी गेलो, परत बसलो... म्हणजे कुणीतरी माझ्याबरोबर त्या पिशवीत हात घातला होता! लगेच दुरुस्त केलं. छापलेल्या पुस्तकात होईल का हे? तुम्हीच सांगा!

मग रोज. "सर, आलेख उलटा आहे." "सर, इथे बेरीज चुकली." एकदा लिहिलं, "सर, आज फार थंडी आहे. पान बारावर स्वल्पविराम नको." स्वल्पविराम काढल्याचं कळवलं एका ओळीत, आणि थंडीवर लिहिली सहा पानं! त्याच्यावर उत्तर काय? "सर, सहापैकी दुसऱ्या पानावर एक शब्द दोनदा आलाय."

तर असं छान चाललं होतं. आणि एक दिवस मेल, "सर, पुस्तक आता निर्दोष झालं. आभारी आहे."

बस्स. संपलं.

आता निर्दोष पुस्तक घेऊन मी काय करू? भिंतीशी बोलू? आई म्हणाली, "अरे, मग त्यालाच लिही ना, बरा आहेस का म्हणून." काय म्हणून लिहू? आमची ओळख सगळी चुकांवरची!

म्हणून मी... हसू नका... पुस्तकात एक चूक घातली. मुद्दाम! आणि ढोबळ नाही हं, इतक्या बारकाईच्या माणसाचा अपमान नको. अशी सफाईदार, अशी आतल्या आत मुरवलेली चूक, की शोधताना महिना जावा.

दोन महिने झाले. मेल नाही. मग मला पोरांची काळजी लागली, उद्या कुणी परीक्षेत तेच लिहिलं तर? म्हटलं, काढून टाकू.

सापडत नाहीये हो! पहिल्या पानापासून रोज वाचतोय. एवढं मन लावून हे पुस्तक कुणीच वाचलं नसेल. चला, एक वाचक तर पक्का झाला.

तुम्ही बघता का जरा? उत्तरांसकट आहे. फुकट आहे हो! आणि चूक सापडली तर... नाही सापडली तरी कळवा.