सुईणीची वही

एकोणचाळीस सालची गोष्ट. लोणावळा स्टेशनावर माझ्या शेजारी कार्ल्याची सुईण खुर्शीदाबी गाडीची वाट बघत बसली होती. तेवढ्यात ओळखीची नंदाबाई आली.

"खुर्शीदाबी, मुक्ताबाईच्या पोरीचं लगीन मोडलं म्हनं?"

"व्हय. पुन्याच्या कोर्टानं थांबवलं."

"पर पोरीचा चुलता तर ती पंधराची हाय म्हनत हुता."

"चाळिशीच्या बिजवराला द्यायची, मग पंधराचीच म्हननार! कायदा चौदाच्या आत लगीन लावू देत न्हाई."

"आईनं खरं वय सांगितलं न्हाई?"

"सांगितलं की. त्याचा वकील म्हनला, तोंडचं बोलनं नगं, कागुद दावा. मग मी माजी वही फुडं केली."

"कसली वही?"

"आमच्या घरधन्यांनी मला अक्षरं शिकवली, तवापासनं हरेक बाळतपन लिवते. दिस, येळ, आईचं नाव."

"वकिलानं मानलं?"

"हसला. म्हनला, काल बसून लिवली असंल. जज्जसायबांनी पानं चाळली. मागंफुडं दोनशे बाळं, मधी एक ओळ कोरी न्हाई. मला म्हनले, वाचा."

"तुमी वाचलं? समद्यांम्होरं?"

"खणखणीत! 'पोळ्याचा दिस, सन सत्तावीस, मुक्ताबाईला मुलगी, पायाळू.' पोर अजून बारा न्हाई भरली!"

"मग चुलता?"

"खाली मान घालून गेला. मुक्ताबाई तितंच माज्या गळ्यात पडली."

"लय मोटं काम केलंत, बी."

"आता कालपासनं दारात बायांची रांग हाय, नंदाबाई. परतेकीला आपापल्या पोरीचं पान बघायचं हाय."