चारोटीचे चार फोटो

एआय म्हणजे शुद्ध थापा, हे तुम्हाला मीच बजावलं होतं ना? परवा भाचीने मी काढलेला चारोटी गावाजवळच्या अपघाताचा जुना फोटो व्हिडिओ बनवणाऱ्या एआयमध्ये टाकला आणि खाली लिहिलं, "मामाचं लक्ष कुठे गेलं नाही ते दाखव." व्हिडिओत रस्त्यावर पडलेल्या माणसाने हात उचलून मला बोलावलं.

"मामा, हा जिवंत होता?"

"डोकं फिरलंय त्या यंत्राचं! 'जागीच ठार' अशी बातमी मी स्वतः दिली होती."

तिला गप्प करायला मी त्या दिवशीचे चारही फोटो काढून तिच्यासमोर ठेवले. पहिल्यात त्याचा हात छातीवर आहे. चौथ्यात तोच हात माझ्याकडे पसरलेला आहे. मधल्या वेळात त्याच्याजवळ कुणीच फिरकलं नव्हतं. मी एकटाच होतो, फोटो काढत.