दोन थापा

(लाटंबार्से. खाण कंपनीच्या फुटबॉल संघाचे जुने गोलकीपर कृष्णनाथ वारल्याला आठवडा झाला. सोप्यावर त्यांची मुलगी सत्यवती, समोर धाकू: पूर्वी त्यांच्याच संघातला बॅक, नंतर त्याच कंपनीच्या खाणीवर ट्रक ड्रायव्हर.)

धाकू : …चाय नको गो बाय. सुतकाच्या घरात चाय मागान पिणारो तुझो बापूस एकटोच होतो.

सत्यवती : विषय बदलू नका, काका. रविवारी मी मैदानावर येणार नाही.

धाकू : मॅचीआदी पोरगे दोन मिनिटां गप उभे रवतले. तू फुडे असशीत तर बरा दिसात.

सत्यवती : बाबांचा गुडघा गेला तेव्हा कोण उभं राहिलं गप? पणजीत त्यांच्या नावाचा गजर करायचे लोक. आणि मग उरलेली सगळी वर्षं खाणीच्या डंपावर, टाकाऊ मातीच्या ढिगाच्या कडेला, तांबडी धूळ खात, ट्रकांना मागे या म्हणून खुणा करायला. एवढ्या मोठ्या गोलकीपरला हेच काम?

धाकू : ऑफिसात खुर्ची दिलेली त्याका.

सत्यवती : कधी?

धाकू : पैल्यांदा खुर्चीच. पंख्याखाली. थोडे म्हयने बसलो. मगे एक दिवस म्हणालो, "धाकू, हंय समोरसून कायच येना नाय रे." आपण जावन डंप मागून घेतल्यान.

सत्यवती : मला हे कुणी सांगितलं नाही.

धाकू : तू पणजीक शिकत होतंस. आणि खरा सांगू? माका तो थंय होयोच होतो. मागे दरी. आरशात बघलंय की हो दोनय हात पसरून उभो, गोलात रवायचो तसोच. मैदानात माका पाठसून शिव्यो घालायचो. डंपार इंजिनाच्या आवाजात शिवी कोण आयकता? म्हणान ट्रकाच्या अंगार थाप मारायचो.

सत्यवती : थाप?

धाकू : एक थाप म्हणजे ये मागे. परत एक, आणखी ये.

सत्यवती : थांबा. थांबा, काका. दवाखान्यात बाबांची वाचा गेली होती. उजवा हात तेवढा हलायचा. तो ते खाटेच्या लोखंडावर मारायचे. एकदा. थोड्या वेळानं परत एकदा. मी दर वेळी पाणी पाजत होते.

धाकू : ट्रक घेय होतो मागे.

सत्यवती : शेवटच्या सकाळी मी हात धरून बसले होते. तर माझ्या मनगटावर मारलं. लागोपाठ दोनदा. मला वाटलं, सोड म्हणतायत, जा म्हणतायत. म्हणून खाली कँटीनला गेले. वर आले तर चादर तोंडावर ओढलेली. काका, बाबांनी मला घालवलं का हो?

धाकू : नाय गो.

सत्यवती : बरं वाटावं म्हणून बोलू नका.

धाकू : तुझ्या बापाशीबरोबर खेळलंय मी. गोड बोलाक शिकतलंय खंयसून?

सत्यवती : मग दोन थापा म्हणजे काय?

धाकू : पोचलंस. मागे कड आसा, पण मी हंय आसंय. आता माल सोड.

सत्यवती : जा नाही?

धाकू : जा असता तर शिट्टी मारल्यान असती. पैल्या दिवशी आरशात माका नुसती दरीच दिसत होती. त्याणी दोन थापो मारल्यान, तरी मी माल सोडूचो दांडो ओढूक नाय. ट्रक भरलेलो तसोच उभो. तो खिडकीकडे इलो. म्हणालो, "थांबवलंय मां मी तुका? मगे भितंस कित्याक?"

सत्यवती : रागावून?

धाकू : नाय. हळू. तो हळू बोललेलो मी तेवढ्याच येळाक आयकलंय.

सत्यवती : मी रडलेसुद्धा नाही अजून. आईला सांभाळायचं, दारात माणसं, सगळ्यांना तेच तेच सांगायचं…

धाकू : बघतंय मी.

सत्यवती : रविवारी किती वाजता यायचं?

धाकू : ता मगे सांगतंय. आवस आत निजली हा, दारात कोण नाय. मी हंय आसंय. सोड.