उघड्या मुळांवरचा बर्फ

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय मधुकरराव, व्यासपीठावरचे मान्यवर, दवाखान्यातले सगळे कर्मचारी, समोर बसलेले मुलुंडकर आणि ज्यांच्या निरोपासाठी आपण जमलो त्या आपल्या दातांच्या डॉक्टर संघमित्रा खरात, सर्वांना नमस्कार.

मी कुंदा. मॅडमची पेशंट. निरोपाला गोड बोलायचं असतं हे मला कळतं. पण मॅडमनी माझ्यासाठी जे केलं ते गोड शब्दांत सांगता येत नाही. समजून घ्याल ना?

चाळिशीच्या आधीच माझ्या हिरड्या मागे सरकल्या, दातांची मुळं उघडी पडली. गार पाण्याचा घोट घेतला की कळ थेट मस्तकात. ही कळ माझ्या नवऱ्याला, विद्याधरला, चांगली ठाऊक होती. भाजी खारट झाली, माहेरी फोन केला, की तो माझा जबडा पकडायचा आणि बर्फाचा खडा त्या मुळांवर दाबून धरायचा. "ओरड ना. पाणीच आहे ते. कुठे वळ उठलाय, दाखव!" सोसायटीत विचारा, त्याच्याइतका सभ्य माणूस नव्हता.

मॅडमकडे मी फक्त कळ थांबवायला आले होते. त्यांनी मऊ ब्रश दिला, जोर लावून घासायचं बंद करायला लावलं. कळ मारणारी पेस्ट दिली, ती लावून लगेच चूळ भरायची नाही म्हणाल्या. मुळांवर फ्लोराइडचा लेप लावला. बहुतेकांना एवढ्यावर आराम पडतो. मला पडेना. मग एकदा त्यांनी माझा ओठ उलटून पाहिला. आतून फाटलेला होता, नखं रुतल्याच्या खुणा होत्या.

"कुंदाताई, हे ब्रशनं होत नाही. कोण करतं?"

मी रडत रडत सांगितलं. पोलिसांत जायची माझी हिंमत नव्हती. त्यांनी बळजबरी केली नाही. म्हणाल्या, "मग आधी मुळं झाकू. त्याच्या हातात निदान हे तरी राहायला नको."

टाळूचा पातळ तुकडा काढून त्यांनी हिरडीवर शिवला. टाके काढायच्या दिवशी मी खुर्चीत होते आणि विद्याधर दार ढकलून आत आला.

"मला न विचारता तोंड कापून घेतेस?"

केस धरून त्यानं मला खाली ओढलं. तोंडात अंगठा घालून टाके ओरबाडले. मॅडम मध्ये पडल्या, तर त्यानं त्यांचा हात ड्रॉवरमध्ये चेपला. मनगट मोडल्याचा आवाज मी ऐकला. मॅडमनी दुसऱ्या हातानं धरलेली त्याची कॉलर तरीही सोडली नाही.

तेव्हा मी खाली पडलेला स्टीलचा ट्रे उचलला आणि त्याच्या तोंडावर हाणला. पुन्हा हाणला. खोटं कशाला बोलू, मला थांबायचं नव्हतं. मॅडमनी धड हातानं मला धरलं. "बस्स, कुंदाताई. आता पोलीस."

कोर्टात त्याच्या वकिलानं हसत विचारलं, "डॉक्टर, बर्फानं कधी कुणी मेलंय का?"

मॅडम म्हणाल्या, "नाही. म्हणूनच तो रोज दाबू शकत होता."

विद्याधरला शिक्षा झाली. मनगट सांधल्यावर मॅडमनी पहिलं ऑपरेशन केलं ते माझं. फाटलेली हिरडी पुन्हा शिवली. थंडीत ते मनगट अजून ठणकतं. त्या सांगत नाहीत, मला माहीत आहे.

अध्यक्षांनी मला बोलू दिलं, तुम्ही शांतपणे ऐकलंत, मनापासून आभार. हारतुऱ्यांच्या कार्यक्रमात मी रक्त आणि मारहाण आणली. कुणाचं मन दुखावलं असेल तर मला माफ करा, पण यातला एकही शब्द मला गाळता आला नसता.

मॅडम, तुम्ही उठू नका. मीच येते तिकडे.